उतारावरची गाडी

आमचे दाजी माणसाची पारख क्लचवरून करायचे. फार वर्षांपूर्वी मला एक स्थळ आलं होतं. चांगला बँकेतला माणूस, स्वतःची मोटार घेऊन आला होता. दाजींनी खिडकीतून त्याला गाडी लावताना पाहिलं आणि आत येऊन माझ्या बहिणीला हळूच म्हणाले, "क्लच जाळतो. जमायचं नाही." खरंच जमलं नाही. मी बिनलग्नाची राहिले ती काही त्या क्लचमुळेच असं नाही, पण सुरुवात तिथून झाली असं मी त्यांना कायम ऐकवत आले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लांब पल्ल्याच्या बसवर त्यांचं उभं आयुष्य गेलं. गावात त्यांना कुणी नावाने हाक मारत नाही, 'सावकाश' म्हणतात. कंडक्टरची शिट्टी वाजली की ते मागे न बघता "सावकाश" म्हणायचे आणि मगच गाडी हलवायचे, त्यावरून ते पडलं. घाईच्या माणसांनी त्यांच्या बसला नाकं मुरडली, पण म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या आणि ज्यांना गाडी लागते अशा सगळ्या बाया त्यांच्याच बसची वाट बघत थांबायच्या. सावकाशच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही, असं त्या एकमेकींना सांगायच्या. दाजींना आयुष्यात मिळालेलं मोठं बक्षीस म्हणजे हे वाक्य. ते कुणी बोललं की कान लाल व्हायचे आणि ते उगाचच टायरला लाथ मारून हवा बघायचे.

ताईला आणि त्यांना मूलबाळ नाही. मी दोन गल्ल्या सोडून राहते. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली, तिथे दिवसभर गोड बोलावं लागायचं, म्हणून की काय निवृत्तीनंतर माझं तोंड फटकळ झालं. ताई मात्र जन्मजात शांत. नवरा आणि बहीण यांच्यामध्ये ती चाळीस वर्षं गादी टाकल्यासारखी पसरून राहिली, म्हणून आम्हा दोघांना एकमेकांचे कोपरे कधी लागले नाहीत.

आमचं राज्य म्हणजे शेतं, डोंगर आणि मधूनमधून माणसं. गावाच्या एका अंगाला घाट आहे, दुसऱ्या अंगाला सरळ सपाट रस्ता. पूर्वी गावातच छोटं इस्पितळ होतं. त्यातल्या खाटा एकेक करून उचलून नेल्या, शेवटी एक नर्स, एक वजनकाटा आणि भिंतीवरची दातांची चित्रं एवढं उरलं. त्याच सुमारास सरकारने ठरवलं की वय झालेल्या प्रत्येकाने आपला आरोग्य विमा आपण निवडायचा. विमेवाली एक तरतरीत मुलगी शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडून बसली. तिच्या चकचकीत कागदांवर म्हातारी जोडपी सायकलवर बसून हसत होती. त्या वयात इतके दात कुणाला असतात, असं मी तिला विचारलं. ती हसली. तिचे स्वतःचे तेवढे होते.

मुलगी मात्र खोटं बोलली नाही, हे सांगायला हवं. तिने आम्हाला नीट समजावलं. आमच्या भागासाठी दोन योजना होत्या. एक घाटावरच्या इस्पितळाची. ते जवळ, आणि पेशंटला घरून नेऊन घरी सोडायला त्यांची स्वतःची गाडी. दुसरी सपाटीवरच्या इस्पितळाची. ते दूर, पण मोठं, आणि जाण्यायेण्याची सोय ज्याची त्याने बघायची. पहिल्यांदा निवडताना कुणी काही विचारणार नाही. पुढे बदलायची म्हटली तर आधी तब्येत तपासतील, आणि चालू आजार निघाला तर दार बंद. "म्हणून आत्ताच विचार करा, आजी," असं ती ताईला म्हणाली. ताईच्या मूत्रपिंडांचं काम मंदावलं होतं. दोनेक वर्षांत डायलिसिस लागेल, दिवसाआड यंत्राला जोडून रक्त धुवून घ्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. म्हणजे आम्ही निवडत होतो तो कागद नव्हता, ताईचे पुढचे दिवस होते.

माझं मत तिथल्या तिथे ठरलं. गाडी दाराशी येते, आणखी काय पाहिजे? ताईच्या शेजारच्या बेकरीवाल्या काकूंनाही मूत्रपिंडांचाच त्रास. त्यांनी हीच योजना घेतली. कारण विचारलं तर म्हणाल्या, ती गाडी पांढरीशुभ्र आणि स्वच्छ असते. मी हसले तेव्हा.

दाजी हसले नाहीत. त्यांनी आठवड्याची मुदत मागून घेतली आणि विमा तपासायला घाटात गेले.

शब्दशः गेले. चहाचा थर्मास, घडीचं स्टूल आणि डोक्याला टोपी घेऊन ते रोज पहाटे घाटातल्या मोठ्या वळणावर जाऊन बसायचे. घाटावरून इस्पितळाची गाडी पेशंट न्यायला खाली यायची ती तिथूनच. दाजी तिचा वेग बघायचे, वळण कसं घेतो ते बघायचे, ब्रेकचे दिवे किती वेळा लागतात ते बघायचे, आणि डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकायचे. ऊन चढलं की घरी. संध्याकाळी ती गाडी पेशंट सोडायला पुन्हा घाट उतरते, पण तेव्हा ते कधी गेले नाहीत. तिन्हीसांजेला समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत जातात, म्हणाले. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी ते आले, थर्मास ओट्यावर ठेवला आणि निकाल दिला.

"उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतो," ते म्हणाले. "डिझेल वाचवायला. इंजिनाचा धरबंद नाही, सगळा भार ब्रेकवर. अशा माणसाच्या हातात मी हिला देणार नाही."

मी खूप बोलले. इस्पितळ बघा, डॉक्टर बघा, अंतर बघा, एका ड्रायव्हरवरून कुणी विमा निवडतं का, उद्या तो ड्रायव्हर बदलेल. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, सपाटीच्या रस्त्यावर ते डोळे मिटून गाडी चालवू शकतात, ताईला ते स्वतः नेतील, अंगात जीव आहे तोवर नेतील. मी ताईकडे बघितलं. ताई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना ठरवू दे गं. त्यातलं त्यांना कळतं."

तिथे सगळं संपलं होतं, पण तेव्हा ते कुणाला दिसलं नाही. घाटावरच्या ड्रायव्हरला आमच्या घरात 'न्यूट्रल' हे नाव पडलं आणि दाजींनी सपाटीची योजना घेतली.

पहिलं वर्ष खरोखर बरं गेलं. ताईचं डायलिसिस सांगितल्यापेक्षा लवकरच सुरू झालं. दिवसाआड पहाटे दाजी गाडी पुसून, काचा चकचकीत करून दाराशी आणायचे. पाठीमागच्या सीटवर उशी, पायाखाली पाट, हाताशी ओकारीसाठी डबा. ताई म्हणायची, जाताना तिला कधी कधी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या बसमधून गेल्याचं आठवतं. त्याच वेळी शेजारच्या फाटकाशी पांढरी गाडी येऊन थांबायची आणि बेकरीवाल्या काकू पर्स सांभाळत चढायच्या. न्यूट्रल हा टक्कल पडलेला, दातात काडी धरलेला पन्नाशीचा माणूस. तो दाजींना हात करायचा. दाजी मानसुद्धा हलवायचे नाहीत. एकाने डावीकडे जायचं, एकाने उजवीकडे.

मग दाजी दाराच्या चौकटीला खांदे आपटू लागले. चौकट फुगली म्हणायचे. बाजूला ठेवलेला चहाचा कप त्यांच्या हाताने कलंडायचा, तर कप तिथे ठेवणाऱ्यावर ते चिडायचे. ताईला संशय आला होता, पण ती बोलली नाही. एक दिवस गाडी काढताना त्यांनी काकूंच्या फाटकाचा खांब पाडला. आयुष्यात त्यांच्या गाडीने काही पाडल्याचा हा पहिला प्रसंग. ते गाडीतून उतरले आणि खांबाजवळ असे उभे राहिले की मला माझी जीभ आवरावी लागली.

काचबिंदू निघाला. हा आजार कडेकडेने नजर खात येतो, मधलं नीट दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. बरीच वर्षं चाललं असावं. गेलेली नजर परत येणार नव्हती. लायसन्स काढून घेतलं.

त्यानंतर आम्ही जिवाचा आटापिटा केला. विमेवाल्यांच्या कचेरीत मी फोन लावले. आयुष्यभर मी लोकांना होल्डवर ठेवलं, त्याचा सूड त्यांनी एका महिन्यात उगवला. शेवटी एक बाई बोलली. तिने सहानुभूतीने सांगितलं की डायलिसिसवर असलेल्या पेशंटला दुसरी योजना घेत नाही. मी म्हटलं, गाडी आमच्या शेजारच्या फाटकाशी येते हो, मधे फक्त एक कुंपण आहे. ती म्हणाली, "मॅडम, कुंपणाचा प्रश्न नाही." सपाटीच्या रस्त्यावरची बस दाजी निवृत्त झाल्यावर बंद झाली होती. दिवसाआड भाड्याची गाडी पेन्शनीत बसत नव्हती. दाजींच्या जुन्या सोबत्यांपैकी एकाचे हात थरथरायचे, बाकीचे वर गेले होते.

मग मी गाडी शिकायला बसले. या वयात. शिकवायला दाजीच, दुसरं कोण? त्यांना समोरचं धड दिसत नव्हतं आणि मला दिसून उपयोग नव्हता. ते कानाने शिकवायचे. "क्लच जाळतेस, धाकटे. ऐक जरा, रडतेय ती." मी गल्लीत बरी चालवायला लागले, पण मोठ्या रस्त्यावर समोरून ट्रक दिसला की माझे हातपाय लाकडाचे व्हायचे. एकदा मी गाडी शांतपणे गटारात घातली. ताई मागे बसली होती. ती इतकी हसली, इतकी हसली की आम्हीही हसलो. परीक्षेत मी नापास झाले, पुन्हा नापास झाले, आणि तिसऱ्यांदा परीक्षकाने मला काकू म्हणून घरी पाठवलं.

दरम्यान ताईच्या पायांना सूज चढत होती. तेव्हा दाजी पुन्हा स्टिअरिंगवर बसले. लायसन्सशिवाय, नजरेशिवाय. ताई पुढे शेजारी बसून सांगायची, उजवीकडून सायकल, डावीकडे माणूस, आता मोकळं आहे. तिच्या डोळ्यांनी ते चालवायचे. परतताना ताईत त्राण नसायचं, म्हणून मी बरोबर जायला लागले. येताना डोळे माझे. दाजी ताशी तीसच्या वर जात नव्हते आणि मागून लोक हॉर्न वाजवून आमचा उद्धार करत होते. मी तेवढ्यापुरती देवाची आठवण काढायचे. एरवी आमचं फारसं बोलणं नाही.

एका दुपारी एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यावर आली. माझ्या तोंडून शब्द निघायला उशीर झाला. दाजींनी माझा आवाज ऐकून ब्रेक मारला. बंपर बाबागाडीच्या चाकाला टेकला, इतकंच. बाळ झोपलेलं होतं, ते झोपलेलंच राहिलं. बाई आम्हाला काय काय बोलली आणि गेली. दाजींचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. ताई मागे आडवी होती, ती तशीच पडून म्हणाली, "आता पुरे. घरी चला. पुन्हा मी येणार नाही."

दाजींनी तिची समजूत घातली, मी घातली, दोघं मिळून रागावलो. ताईने आयुष्यात एकदाच हट्ट केला आणि तो हा केला. आपल्या रक्तासाठी दुसऱ्याचं लेकरू गेलं तर धुतलेलं रक्त घेऊन करायचं काय, असं ती विचारायची. ठरलेल्या दिवशी पहाटे दाजी गाडी पुसायचे, इंजिन सुरू करून ठेवायचे आणि वाट बघायचे. ती पांघरुणात तोंड घालून पडून राहायची. बऱ्याच वेळाने इंजिन बंद व्हायचं.

मग ती सकाळ आली. ताईला श्वास घेता येईना. दाजी धडपडत बाहेर गेले ते गाडीकडे नाही, तर कुंपणाच्या कडेने चाचपडत काकूंच्या फाटकाशी. पांढरी गाडी उभी होती. दाजींनी हात जोडले. मी दारातून बघत होते. आयुष्यात या माणसाने इन्स्पेक्टरपुढेसुद्धा हात जोडले नव्हते. न्यूट्रलने काही विचारलं नाही. तोंडातली काडी थुंकली, स्ट्रेचर काढलं आणि घरात आला.

घाटावरच्या लोकांनी तिला घेतलं. जीव जात असलेल्या माणसाला एकदा घ्यावंच लागतं, असा नियम आहे म्हणे. यंत्राला लावलं, दुपारपर्यंत तिच्या ओठांना रंग आला. मग एक तरुण डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला की पुढच्या वेळी तुम्ही तुमच्या योजनेच्या इस्पितळात जा, इथे पुन्हा करता येणार नाही. तो फार कळवळून बोलत होता. मी त्याला विचारलं, हिची तब्येत आता कशी आहे? तो म्हणाला, डायलिसिसचे फार दिवस चुकले, हृदयावर ताण आला आहे. आणि खाली बघितलं.

संध्याकाळी त्याच गाडीने आम्ही घाट उतरलो. काकू पुढे न्यूट्रलच्या शेजारी पेंगत होत्या. ताई स्ट्रेचरवर डोळे मिटून, तिचं डोकं माझ्या हाताशी. दाजी तिच्या पायांशी घडीच्या सीटवर. आजच्या आधी ते दुसऱ्याच्या गाडीत मागे कधी बसले नसावेत, गुडघे कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. उतार सुरू झाला तसे ते ताठ झाले. मान तिरकी करून ऐकू लागले. प्रत्येक वळणाआधी त्यांचा पाय आपोआप पत्र्यावर दाबला जायचा, हात हवेत गिअर धरायचा. ते वाट बघत होते. एक वळण गेलं, दुसरं गेलं, ते थर्मास घेऊन बसायचे ते मोठं वळणही गेलं. इंजिन एका सुरात गुरगुरत राहिलं.

दाजींनी पुढे वाकून विचारलं, "गिअरमध्येच आहे का हो?"

"आहे की, काका."

"तुम्ही तर उतारावर न्यूट्रलला टाकता."

तो जरा वरमला. आरशातून मागे बघत म्हणाला, "सकाळी टाकतो. वरून रिकामी येते ना, मालक डिझेलवरून डोकं खातात. चूकच आहे ते. पण मागे पेशंट असला की नाही टाकत. कधीच नाही."

दाजी मागे टेकले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. रोज सकाळी ते वळणावर बसले ते रिकामी गाडी बघत. संध्याकाळी भरलेली गाडी उतरायची तेव्हा ते घरी असायचे, कारण तिन्हीसांजेला दिवे डोळ्यांत जायचे. म्हणजे डोळे तेव्हाच चालले होते. त्यांच्या डोळ्यांनी आधी विमा निवडला आणि मग गाडी सोडली. 'मी सांगितलं होतं' हे माझं वाक्य दोन वर्षं जिभेवर तयार होतं. इतका राग आला होता मला, आणि तो कुणावर काढू? त्या चेहऱ्यावर काढवेना. मी ते वाक्य गिळलं, आणि अजून ते घशात आहे.

दाजी माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "हिला सांगू नकोस."

ताईचा हात पांघरुणातून बाहेर आला आणि त्यांचा गुडघा शोधू लागला.

"मी जागी आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "चांगला चालवतो हो हा. पोटातलं पाणीसुद्धा हललं नाही."

ती हे त्यांना बरं वाटावं म्हणून बोलली, की खरं होतं म्हणून, मला आजही कळलेलं नाही. ताईला या दोन गोष्टी कधी वेगळ्या करता आल्या नाहीत. दाजींनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि घरापर्यंत सोडला नाही. पुढचं यंत्र तिला लाभलं नाही. त्या आठवड्याच्या शेवटी ती आपल्या खाटेवर गेली, आम्ही दोघं जवळ होतो.

आता गादीच नाही, तेव्हा आम्हाला एकमेकांचे कोपरे लागतात. मी सकाळी जाऊन चहा करते, कप त्यांच्या बरोबर समोर ठेवते. दाजी खिडकीशी खुर्चीत असतात. दिसत काही नाही, पण घाटाकडचा रस्ता त्यांना ऐकू येतो. पांढरी गाडी वळणावर आली की तिचा आवाज मोकळा, सैल होऊन खाली घरंगळत येतो. पूर्वी ते म्हणायचे, "टाकली न्यूट्रलला." आता म्हणतात, "रिकामी आहे," आणि चहा पितात.